चेंबरमधली जाळी

मित्रांनो, चहाची गाळणी तुमच्या घरात रोज कुणीतरी धुतं, झटकतं आणि खिळ्याला टांगतं. मी तिची लांबची बहीण. मोटारीच्या इंजिनाखाली ऑइल साठवायचं पत्र्याचं एक भांडं असतं, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या तळाशी माझं आयुष्य गेलं. मी गोल आहे, तारेची आहे, तळहाताएवढी आहे. हल्ली मीसुद्धा एका खिळ्यावर असते. तिथवर कशी आले ते सांगते, पण ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी तार विणली, कापली, कडीत दाबून बसवली. शेवटी एका बाईने मला उजेडाकडे धरलं आणि एक डोळा मिटून आरपार पाहिलं. मग पुढे कित्येक वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. आमच्या कामात दिसायचं नसतंच. वरचा पंप ऑइल ओढतो, ते माझ्यातून जातं आणि त्यातला कचरा मी अडवते. ऑइल वर पोचलं की लोखंडावर लोखंड घासत नाही. नाही पोचलं तर इंजिन संपलं.

आमची गाडी एका टॅक्सीवाल्याने घेतली. माणूस तोंडाचा फटकळ, पण गाडीला जिवापाड जपायचा. ठरलेल्या वेळी इंजिन गरम असतानाच खालचा नट सोडायचा आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत तिथेच उकिडवा बसायचा. नवं ऑइल ओतलं की बोनेटवर थाप मारून म्हणायचा, "झाली बाई तुझी आंघोळ." त्या दिवसांत माझ्यातून ऑइल मधासारखं जायचं. मी सुखी होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एक दिवस तो माणूस गेला. मागे गाडी एक आणि मुलगे दोन. त्यांच्या आईने तोडगा काढला, दिवसा थोरल्याने चालवायची, रात्री धाकट्याने. काही महिने बरं चाललं. मग धाकट्याने एका खांबाला बंपर घासला. बंपर तो केवढा आणि घासला तो केवढा, पण थोरल्याने सगळ्या गल्लीसमोर त्याचे वाभाडे काढले. "बापाची गाडी आहे, तुझ्या सासऱ्याची नाही," असं काहीतरी बोलला. धाकट्याचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. तो काही बोलला नाही आणि मग बोललाच नाही. अबोला धरला तो धरलाच.

पण एक गाडी दोघांनी चालवायची म्हणजे निरोप तर द्यायलाच हवेत. ते आईमार्फत जायचे. बाजेवर आई, अलीकडे एक, पलीकडे एक.

"आई, त्याला सांग, डाव्या चाकात हवा कमी आहे."

"आई, त्याला सांग, मला डोळे आहेत."

"मी काय टेलिफोन आहे का रे?" आई म्हणायची. "तो समोर उभा आहे, तोंड वर कर आणि सांग." पण दोघेही खिडकीबाहेर बघायचे, आणि ती बिचारी अलीकडचं पलीकडे पोचवायची. ब्रेक, पंक्चर, किल्ली कुठे ठेवली, सगळं. "आई, त्याला सांग, या खेपेला ऑइल मी बदललं," हेसुद्धा. तोवर माझं ठीक चाललं होतं.

मग आईला दम्याने धरलं. चार शब्द बोलली की धाप लागायची. दोघांचाही आईवर जीव. तिला त्रास नको म्हणून थोरल्याने निरोप देणं सोडलं आणि धाकट्यानेही सोडलं. एकमेकांशी बोलायला मात्र कुणी सुरुवात केली नाही. त्यातच ऑइलचा निरोप बुडाला.

थोरल्याला वाटायचं, धाकटा बदलत असेल. धाकट्याला वाटायचं, थोरला बदलत असेल. सकाळी एक जण ऑइलची पट्टी ओढून बघायचा आणि कमी दिसलं की थोडं वरून ओतायचा. संध्याकाळी दुसराही तेच करायचा. पट्टीवर ऑइल नेहमी भरलेलं. दोघेही समाधानी. खालचा नट मात्र कुणी सोडला नाही. इकडे ऑइल म्हातारं झालं. आधी काळं पडलं, मग घट्ट झालं, मग कोपऱ्याकोपऱ्यात सायीसारखं धरायला लागलं आणि त्या सायीचं डांबर झालं. माझी भोकं एकेक करून बुजू लागली. मला ओरडता येत असतं तर मी गाडी डोक्यावर घेतली असती.

इंजिनाला ओरडता येतं. ते टकटक करू लागलं. सिग्नलला गाडी थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. शेवटी थोरला गाडी मिस्त्रीकडे घेऊन आला. मिस्त्रीने वरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि ते बोट बराच वेळ बघत राहिला.

"ऑइल कधी बदललं होतं?"

"बदलतो की आम्ही," थोरला म्हणाला.

"हे बदलल्याचं लक्षण नाही. चेंबर खाली घ्यावा लागेल. वरचं कव्हरही काढायचं, सगळा गाळ हाताने खरवडायचा, डिझेलने धुवायचा. दोन-तीन दिवस गाडी इथे ठेव."

"ते नाही जमणार. आईला कधी दवाखान्यात न्यावं लागेल सांगता येत नाही. गाडी दारात हवी."

मिस्त्री नाही नाही म्हणत होता. इतका गाळ एकदम सुटला तर तो जाईल कुठे, हे त्याने विचारलंही. पण गिऱ्हाईक जुनं, त्यात आईचा विषय. त्याचं मन विरघळलं. त्याने गाळ सोडवायचं पातळ औषध इंजिनात ओतलं, गाडी जागेवरच थोडा वेळ चालू ठेवली, खालचा नट सोडला. काळं पाणी भदाभदा वाहिलं. थोरल्याचा चेहरा खुलला. आत मी होते म्हणून मला ठाऊक होतं की गेलं ते थोडं. अंगाला चिकटून बसलेला गाळ आता सुटा झाला होता आणि त्याचे तुकडे माझ्या दिशेने सरकत होते.

नवं ऑइल भरून मिस्त्री म्हणाला, "आठवडाभर हळू चालव. आणि एक ध्यानात ठेव, लाल दिवा लागून राहिला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. घर चार पावलांवर असलं तरी पुढे न्यायची नाही. भावालाही सांग."

"सांगतो," थोरला म्हणाला.

आणि तो सांगायला गेलाही होता, मित्रांनो. हे सगळं पुढे त्याच्याच तोंडून मी ऐकलं. संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा आईचा नुकता डोळा लागला होता. धाकटा आरशासमोर केस विंचरत होता. थोरल्याने तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी सुरुवात कोणत्या शब्दाने करायची हेच त्याला सुचेना. मग तोंड मिटून त्याने किल्ली खुंटीला लावली. उद्या आई उठली की सांगू, एवढंच तर आहे, असं त्याने मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आईला बोलवतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास कोंडला. ओठ निळे पडले. थोरल्याने तिला उचलून मागच्या सीटवर घेतलं आणि छातीशी धरून बसला. धाकटा झोपेतून उठून आला होता तसाच स्टिअरिंगवर बसला. दवाखाना पुलाच्या पलीकडे. धाकट्याने गाडी अशी पिटाळली की चेंबरमधलं सगळं ऑइल ढवळून निघालं आणि सुटा झालेला गाळ येऊन माझ्या तोंडावर बसला.

माझं काम अडवायचं. मी अडवलं. जे करण्यासाठी मला घडवलं होतं तेच मी त्या दुपारी केलं, आणि वर ऑइलचा थेंब पोचेना.

पुलाच्या चढावर लाल दिवा लागला. धाकट्याने तो पाहिला आणि पाय आणखी दाबला. आधी पोचू, दिव्याचं नंतर बघू, असा त्याचा हिशोब. त्याला कुणी सांगितलं असतं तर तो थांबला असता, तो वेडा नव्हता. थोरल्याला दिवा दिसत नव्हता, पुढ्यात आईचं डोकं होतं. त्याला आवाज ऐकू आला. टकटकीचे ठोके झाले होते.

"थांब," तो म्हणाला. "इंजिन बंद कर."

"दादा, लाल दिवा लागलाय," धाकटा म्हणाला.

आईने डोळे उघडले. तिच्या घशातून शब्द निघेल असं वाटत नव्हतं, पण निघाला.

"बोललात की रे," ती म्हणाली.

इंजिनाने एक आचका दिला आणि ते जाम झालं. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. दोघांनी आईला हातांवर घेतलं आणि ते पूल उतरून पळत सुटले. मी तिथेच राहिले. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. लोखंड निवताना बारीक कडकड आवाज येतो, तो ऐकत मी बसले होते.

काही दिवसांनी गाडी ओढून गॅरेजात आणली. दोघे भाऊ आले होते. दोघांची डोकी भादरलेली होती, त्यावरून मी काय ते समजले. मिस्त्रीने चेंबर उतरवला, मला सोडवलं आणि टेबलावर ठेवलं. माझी तार कुठे दिसतच नव्हती, नुसता काळा गोळा.

"ऑइल तू बदलत होतास ना?" धाकट्याने विचारलं.

"मला वाटलं, तू."

मिस्त्री ब्रश घेऊन माझ्यावरचा गाळ काढत होता. त्याचा हात थांबला.

"मी तुला सांगितलं होतं," तो थोरल्याला म्हणाला. "दिवा लागला तर थांबायचं."

"मला कुठे सांगितलंस, दादा?"

"आई झोपली होती," थोरला म्हणाला आणि टेबलाला धरून खाली बसला.

धाकटा त्याच्यावर धावून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. तो त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. आई थोडी आधी पोचली असती तर वाचली असती का, हे कुणाला सांगता येणार नाही. आणि ते सांगता येत नाही, हाच त्या दोघांच्या जिवाला लागलेला घोर आहे.

गाडी भंगारात गेली. मिस्त्रीने मला डिझेलमध्ये धुतलं, लख्ख पुसलं आणि भिंतीवर टांगलं. आता कुणी म्हणालं, "खोलत कशाला बसता, औषध टाका आणि द्या," की तो मला काढून त्याच्या हातात देतो. त्यालाही झोप येत नसावी.

मित्रांनो, माझ्यासारख्या जाळ्या दिसत नाहीत, म्हणून आमची आठवण कुणाला होत नाही. दुसऱ्याने केलं असेल, असं वाटून काम सोडू नका. विचारा. भांडण असलं तरी विचारा, तोंड फिरवून विचारलंत तरी चालेल. माझं एवढंच मागणं आहे.

दोघे भाऊ आता वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या चालवतात. थोरला अधूनमधून त्याच्या मालकाची गाडी इथे ऑइल बदलायला आणतो. काळं ऑइल गळत असतं तेव्हा तो माझ्या खिळ्याखाली उभा राहून फोन लावतो.

"मी बोलतोय. तुझ्या गाडीचं ऑइल बदललंस का?"

आई गेल्यापासून त्यांच्यात बोलण्यासारखं तेवढं एकच उरलंय. पलीकडून काय उत्तर येतं ते मला वर ऐकू येत नाही. पण थोरला ते शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि मगच फोन ठेवतो.