अठ्ठावन्नांपैकी एकवीस

विद्यापीठाची जीप पहिल्यांदा चाकोच्या रानातल्या ग्विरारेंदा गावात आली, तेव्हा बोलायला म्हणून गावाने देल्मिरा येरेमाला पुढे केलं. तिला स्पॅनिश फाडफाड यायचं, लिहिता-वाचता यायचं, आणि कुणाच्याही अंगणात ती न विचारता जाऊन बसायची. डॉक्टर अंतेसाना तिला म्हणाले, "आम्ही शिकवायला आलेलो नाही, बाई. तुम्ही आणि आम्ही मिळून काम करायचं. बरोबरीनं." देल्मिराला तो शब्द फार आवडला. चाळीस वर्षांत शहरातल्या कुणी तिला बरोबरीची म्हटलं नव्हतं.

काम विंचुकाचं होतं. मातीच्या भिंतींच्या भेगांतून उतरून झोपलेल्या माणसाचं रक्त पिणारा हा किडा चागासचा आजार देतो, हे चाकोत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तो आजार वीस-तीस वर्षं अंगात गपगुमान बसून राहतो, मग हृदय पोखरतो, आणि लहानपणीच सापडला तर दोन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक वेळा जातो, हे देल्मिराला बारा दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं. तिचा बाप मका खुडता खुडता शेतात आडवा झाला होता. तेव्हा सगळे म्हणाले होते, ऊन लागलं.

मग ती घरोघर फिरली. पोरांचं रक्त द्या म्हणून विनवत राहिली. सगळ्यांत जास्त आढेवेढे घेतले ते तिच्याच नणंदेनं, निकासियानं.

"एवढं रक्त नेऊन करणार काय ते? सॉसेजं भरणार?"

"भरू देत. तुझ्या सेलिंदाचं रक्त म्हटल्यावर तिखटच व्हायची."

"हसण्यावारी नेऊ नकोस, वहिनी. मला त्या कागदातलं ओ की ठो कळत नाही. कुणाच्या भरवशावर अंगठा उठवू?"

"माझ्या," देल्मिरा म्हणाली.

निकासियानं अंगठा उठवला. सेलिंदा तेव्हा दहा वर्षांची होती. सुई टोचताना तिनं हूं की चूं केलं नाही.

अठ्ठावन्न पोरं झाली. प्रत्येकाला एक आकडा मिळाला. कुठला आकडा कुणाचा, हे फक्त दोन ठिकाणी लिहिलेलं होतं: एक देल्मिराच्या वहीत, दुसरं विद्यापीठात. डॉक्टरांनी बजावलं होतं, नाव फुटता कामा नये. नाव फुटलं तर उद्या त्या पोराला कुणी कामावर घ्यायचं नाही. देल्मिरानं सख्ख्या नवऱ्यालासुद्धा ती वही दाखवली नाही. काम संपल्यावर निरोप आला, की नियमाप्रमाणे वही नष्ट करावी. तिनं दोन साक्षीदार बोलावले, मक्याच्या हंड्याखालच्या जाळात वही सारली, आणि पार राख होईपर्यंत तिथून हलली नाही. साक्षीदारांच्या सह्यांचा कागद बसच्या ड्रायव्हरबरोबर शहरात पाठवला.

त्यानंतर आलं ते एक प्रमाणपत्र. निकाल आला नाही. देल्मिरा डोंगरावर चढून फोन करायची. पलीकडून कुणीतरी म्हणायचं, काम चालू आहे, बाई. दुसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षीही तेच. निकासिया सुरुवातीला विचारायची, पुढे तिनं विचारणं सोडलं. देल्मिरानं स्वतःची समजूत घातली: काही वाईट असतं तर कळवलंच असतं.

सहाव्या वर्षी आमंत्रण आलं. विद्यापीठ आणि गावं यांच्या भागीदारीचा समारंभ होता. देल्मिरा इस्त्री केलेला मांदू, सणासुदीचा पायघोळ झगा, घालून नऊ तास बसमधून गेली. सभागृहाच्या दारातच तिचा स्वतःचा फोटो होता, माणसापेक्षा मोठा. हातात रक्ताच्या नळ्यांची पेटी. हिमेना नावाच्या तरुण संशोधक मुलीनं तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

डॉक्टर अंतेसाना पडद्यावर आकडे दाखवत होते. एका ओळीवर देल्मिराची नजर थांबली. ग्विरारेंदा: अठ्ठावन्न मुलं, पैकी एकवीस बाधित.

ती उभी राहिली. "डॉक्टर, ती एकवीस कोण?"

"फार महत्त्वाचा प्रश्न आहे," डॉक्टर हसून म्हणाले, "आपण नंतर सविस्तर बोलू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते देल्मिराला कळलं नाही.

नंतर खोलीत डॉक्टरांनी दार लावून घेतलं. नावांची यादी एका सहायकाच्या संगणकावर होती, ते म्हणाले. तो परदेशी गेला, आणि मुदत संपल्यावर संगणक पुसला गेला.

"तुमच्याकडे वही होती ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच जाळायला लावलीत."

"हो, हो. नियमच आहे तो. तुम्ही अगदी काटेकोर पाळलात, बाई. आमच्या मुलांना मी तुमचंच उदाहरण देतो."

बस-थांब्यापर्यंत हिमेना सोबत आली. "हे निकाल कधी लागले होते, पोरी?" देल्मिरानं विचारलं.

"चार महिन्यांत," हिमेना म्हणाली. "गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, सगळे धरून चालले की कुणीतरी कळवलं असेल. मी तेव्हा इथे नव्हते, ताई."

"मी होते," देल्मिरा म्हणाली.

गावात परतल्यावर ती आधी निकासियाकडे गेली. सेलिंदा अंगणात मका सोलत होती, सोळा वर्षांची, सातवा महिना. देल्मिरानं काही लपवलं नाही. निकासियानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी पोर त्या एकविसांत असेलही आणि नसेलही."

"परत तपासायचं. हिमेनाला सामान घेऊन बोलावलंय मी. बोटातून थेंबभर रक्त, निकाल जागच्या जागी."

"आणि असलं तर गोळ्या?"

"पोटुशीला देत नाहीत. बाळंतपण झाल्यावर, अंगावरचं दूध सुटल्यावर."

"दहा वर्षांची होती तेव्हा देता आल्या असत्या."

"हो."

"वहिनी, माझ्या अंगणातून ऊठ."

हिमेना आली. देल्मिरा पुन्हा दारोदार फिरली, पण यावेळी बसायला कुणी ओंडका पुढे केला नाही. निम्मी पोरं ऊसतोडीला आणि शहरात बांधकामावर गेली होती. काही आया म्हणाल्या, एकदा दिलं तेवढं पुरे झालं. एका म्हाताऱ्यानं तोंडावर सुनावलं, "तुझा फोटो लावलाय म्हणे मोठा. आता आमचे लावणार का?" सव्वीस जणांची तपासणी झाली. नऊ बाधित निघाले. उरलेले बाराजण कोण आणि कुठे होते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निकासियाचं दार बंदच राहिलं. सेलिंदा मागच्या कुंपणातून आली आणि तिनं मुकाट बोट पुढे केलं. नववी तीच.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांचं पत्र आलं. भागीदारीचा दुसरा टप्पा मंजूर झाला होता. पत्रात लिहिलं होतं, की गावाचा प्रतिसाद कमी पडल्याचं दिसतं, तेव्हा देल्मिराबाईंनी जागृतीवर भर द्यावा. खाली तिच्या सहीसाठी जागा होती. तिला तो कागद टराटरा फाडावासा वाटला. पण आरोग्य केंद्रातल्या गोळ्या संपत आल्या होत्या, आणि नव्या याच कामातून येणार होत्या. तिनं आधी जागृती हा शब्द खोडला, आणि मग सही केली.

सेलिंदाला मुलगी झाली. नर्सनं बाळाचं रक्त तपासलं, तेव्हा देल्मिरा केंद्राच्या ओट्यावर बसून होती. बाळालाही आजार होता. पण तान्हेपणी गोळी सुरू केली तर जवळपास खात्रीनं बरा होतो, असं नर्स म्हणाली, आणि तिनं त्याच दिवशी सुरुवात केली.

आता रोज सकाळ-संध्याकाळ निकासिया गोळीचा तुकडा कुटते, पाण्यात कालवते आणि नातीला चमच्यानं पाजते. देल्मिरा कुंपणाबाहेर उभी राहून विचारते, "आज किती दिवस झाले?"

निकासिया दिवस सांगते. आत ये म्हणत नाही.