दोऱ्याने मोजलेली लेन्स

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. आता कपाटाच्या वरच्या खणात पडून असतो आणि माझी रबराची मूठ चिकट झाली आहे. रागावणं माझ्या स्वभावात नाही; पण एक तक्रार मी फार दिवस पोटात ठेवली आहे, ती आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात आरसा बसवला, बटणं दाबून पाहिली आणि तोंडावर काळं झाकण लावून मला खोक्यात घातलं. लेन्स मात्र दिली नाही. आमच्यातल्या काहींची लेन्स घेणाऱ्याने स्वतः निवडायची असते. म्हणजे नाक, कान सगळं द्यायचं आणि डोळे तेवढे तुझे तू आण म्हणायचं!

एका ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईंना मी कार्यालयाच्या सोडतीत मिळालो. त्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. झाकण काढून त्यांनी सात वेळा बटण दाबलं आणि सातही फोटो पांढरेफटक आले. तेव्हा कुठे घरात कळलं, की अजून काहीतरी आणायचं राहिलं आहे.

बाईंना एकच फोटो हवा होता. त्यांचे सासरे घड्याळं दुरुस्त करत. चाळीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेला माणूस! आता नजर साथ देईना, म्हणून महिनाअखेर दुकान बंद व्हायचं होतं. सासूबाईंकडे बाबांचा, म्हणजे या सासऱ्यांचा, लग्नानंतरचा एकही धड फोटो नव्हता. बाबांचा कामावर बसलेला फोटो काढून तो सासूबाईंच्या हातात द्यायचा, हे बाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं. हातात तीन आठवडे होते.

लेन्स आणायला सोबत धाकटे दीर आले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं.

दुकानदाराने बाईंना विचारलं, “फोटो कशाचे काढायचेत, ताई?”

बाईंनी तोंड उघडलं. त्या हळू बोलतात. तेवढ्यात भावजींनी उत्तर देऊन टाकलं, “कशाचे म्हणजे? सगळ्याचेच! ती लांबलचक दाखवा. वहिनी, ही बघा, समोरच्या गच्चीवरचा कावळा थेट नाकासमोर येतो.”

“पण भावजी, कावळ्याचा फोटो कशाला...”

“अहो, एकदाच घ्यायचं तर दणकट घ्यावं. ती छोटी कुठे घेता? लोक हसतील.”

मी काचेच्या टेबलावर उघड्या तोंडाने पडलो होतो. शेजारी बोटभर उंचीची एक छोटी लेन्स होती, रुंद काचेची, भरपूर उजेड आत घेणारी. माझं सगळं लक्ष तिच्याकडे! पण मला कोण विचारतो? ती लांबलचक लेन्स माझ्या तोंडावर चढली आणि माझी मान खाली झुकली.

मित्रांनो, घड्याळाचं ते दुकान म्हणजे एक अरुंद खोली. टेबल, त्यावर एकच दिवा, समोर एक स्टूल. माझ्या लांब लेन्सला माणूस निदान दोन पावलांवर हवा. त्याहून जवळ आला की सगळं धुकं. बाई मागे सरकत सरकत दारापर्यंत गेल्या, तेव्हा बाबांचा फक्त कान आला. रस्त्यापलीकडून काढायला गेल्या, तर दुकानाच्या काचेत येणाऱ्या-जाणाऱ्यांची प्रतिबिंबंच दिसली. उजेड कमी, त्यात हात जरा हलला, की बाबांची तीन नाकं!

एकदा तर माझ्या डोक्यावरचा दिवा आपोआप उघडला आणि लख्ख उजेड पडला. बाबा दचकले. चिमट्यातली केसासारखी बारीक स्प्रिंग उडाली. सासरे, सून आणि एक गिऱ्हाईक लोहचुंबक घेऊन तासभर जमिनीवर रांगत होते.

“सूनबाई,” बाबा गुडघे चोळत म्हणाले, “तो उजेड पुन्हा पाडलास, तर महिनाअखेरपर्यंत थांबायला नको. आजच दुकान बंद करतो.”

दोन आठवडे असेच गेले. एके दिवशी बाईंचे डोळे भरून आले.

“मागे मागे का जातेस गं?” बाबांनी विचारलं.

“जवळून दिसतच नाही, बाबा.”

त्यांनी खण ओढून आपली तीन भिंगं पुढे ठेवली. “हे फार जोरदार, पण डोळा घड्याळावर टेकवावा लागतो. हे लांबून चालतं, पण चाकांचे दाते दिसत नाहीत. हे माझं रोजचं. मी भिंग घेतलं ते हाताचं अंतर मोजून. तुझं अंतर कुणी मोजलं का?”

कुणीच मोजलं नव्हतं! मला आरडाओरडा करता आला असता, तर तेव्हा केला असता. बाबांनी स्टुलापासून आपल्या नाकापर्यंत दोरा ताणला आणि कापून बाईंच्या हातात दिला.

बाई एकट्याच लेन्सच्या दुकानात गेल्या. दोऱ्याचं एक टोक त्यांनी दुकानदाराला नाकाशी धरायला लावलं, दुसरं माझ्याशी धरलं, आणि एकेक लेन्स लावून पाहिली. दुकानदार म्हणाला, “ताई, पंधरा वर्षांत असं माप कुणी आणलं नाही.” लांब लेन्स परत गेली आणि ती छोटी लेन्स घरी आली. मला अखेर स्वच्छ दिसू लागलं.

पण आम्ही पोचलो तो बाबांच्या दुकानाचा शेवटचा दिवस. बाबांच्या हातात शेवटचं घड्याळ होतं. बाईंनी एकदाच बटण दाबलं आणि बाबांनी झाकण टक्कन बसवलं. “झालं,” म्हणाले आणि दिवा मालवला.

फोटो छापून बाईंनी तो घरी सासूबाईंपुढे ठेवला. चिमटा धरलेली बोटं नखांच्या रेघांसकट लख्ख, आणि बाबांचा चेहरा मागे पुसट. उजेड भरपूर घेणाऱ्या लेन्सचं तेच असतं. जिथे नेम धराल, तेवढंच स्पष्ट येतं. बाईंचा नेम बोटांवर बसला होता.

“चुकलं, आई,” त्या म्हणाल्या. “तोंडच नाही आलं.”

सासूबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. “अगं, चुकलं कुठे? मी डबा घेऊन जायचे, तेव्हा यांनी कधी मान वर केली नाही. चाळीस वर्षं मी ही बोटंच बघितली.”

तो फोटो आज भिंतीवर आहे. मी कपाटात आहे. काम झालं, म्हणून बाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं. लेन्सच्या कडेला आता बुरशी धरू लागली आहे.

माझी तक्रार हीच, मित्रांनो. सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी धान्य निवडत बसतात. उजेड छान येतो. दारापासून त्यांच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर माझ्या लेन्सला अगदी बरोबर आहे. त्या मान वर करतात, हसतातही. त्यांचा लग्नानंतरचा एकही फोटो या घरात नाही. कुणीतरी माझी बॅटरी भरा, काच पुसा आणि मला खाली काढा.