आते कुणाच्या कार्डात

म्हापशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कार्ड आहे ना?" आणि आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांनी एकदम मान हलवली. एक माझा नवरा प्रवीण, दुसरे त्याचे थोरले भाऊ शांताराम भावोजी. मान हलवून झाली आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखते. हे दोघे भाऊ एकमेकांकडे असे बघतात तेव्हा काम दुसऱ्याने केलं असेल असं दोघांनाही वाटत असतं.

तपासायच्या टेबलावर आते बसली होती. विमला आते, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती आरोंद्याहून तेरेखोलची नदी ओलांडून कोरगावला भावाच्या घरी परत आली. या दोघांना लहानाचं मोठं केलं ते तिनेच. गेल्या वर्षभर विहिरीवरून कळशी आणताना ती अर्ध्या वाटेत बसायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आवळत चालली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि गणपतीच्या चवथीची वाट बघत बसू नका. सरकारी विम्याचं कार्ड असेल तर ते चालणाऱ्या एका इस्पितळात पुढच्या महिन्यात करून घेता येईल. कार्ड नसेल तर काय, ते त्यांनी सांगितलं तेव्हा भावोजी खुर्चीत मागे टेकले.

बाहेर आल्यावर गाडीतच पंचनामा झाला. आते प्रवीणच्या कार्डात आहे, असं भावोजी म्हणाले. ती दादाच्या कार्डात आहे, असं प्रवीण म्हणाला. आते खिडकीतून बाहेर बघत होती. आपण कुणाच्याच कार्डात नाही हे तिला आम्हा सगळ्यांच्या आधी समजलं असावं.

हे कसं झालं ते समजायचं तर आमचं घर समजायला हवं, आणि ते मलाही लग्नाला इतकी वर्षं होऊन पुरतं समजलेलं नाही. माझं माहेर डिचोलीचं. बाबा खाणीवर, आई घरी, आम्ही दोघी बहिणी. कुटुंब म्हटलं की चार बोटं पुरायची. इथे घर एक, चुली दोन. सासरे गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या, भांडण न होता, म्हणजे भांडण जावांनी मनातल्या मनात केलं. पण गणपती एकच. मुंबईचे चुलते, धारगळचे चुलतभाऊ, सगळे चवथीला आमच्याच घरी. आणि आतेची पाळी असते. एक महिना ती लक्ष्मीवयनीच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जावेच्या, चुलीवर जेवते, एक महिना माझ्या. अवसेचं जेवण एकीकडे झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी आपली उशी आणि पेजेचा वाडगा घेऊन ती दुसरीकडे येते. दोन दारांच्या मध्ये एक सोपा, म्हणजे ओसरी आहे, तेवढाच तिचा प्रवास.

उन्हाळ्यात पंचायतीच्या हॉलमध्ये कार्डांची नोंदणी सुरू झाली. तिथे संगणकावर कोमल नावाची मुलगी बसायची. भावोजी पहिल्याच आठवड्यात गेले. कुटुंबात किती माणसं, असं तिने विचारलं. भावोजींनी डोळे मिटून हिशेब केला आणि सांगितलं, पंधरा-सोळा. कोमल म्हणाली, काका, गणपती किती जणांचा ते नाही विचारलं, कुटुंब किती जणांचं? भावोजी म्हणाले, "तांच सांगतंय मी."

मग तिने समजावलं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, आणि वर अवलंबून असलेले आईबाप. तीन माणसांपर्यंत एक कार्ड, चार किंवा जास्त झाली की दुसरं, मोठ्या रकमेचं. भावोजींनी एकेक माणूस गाळायला सुरुवात केली. मुंबईचे गेले, धारगळचे गेले. आतेपाशी येऊन थांबले, आणि त्यांना आठवलं की या महिन्यात आतेची पाळी धाकट्यांकडे आहे. म्हणजे ती प्रवीणच्या कुटुंबात. निश्चिंत मनाने घरी आले. दोनच दिवसांनी अवस झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही नोंदणीला गेलो, तेव्हा आते उशी घेऊन थोरल्यांकडे गेली होती. प्रवीणने मला विचारलं, आतेचं काय? मी काही बोलायच्या आत त्यानेच उत्तर दिलं, ती दादाकडे आहे. मी त्याला म्हटलं की जेवण आणि विमा वेगळे असतात. तो म्हणाला, तुम्ही डिचोलीवाले फार वाकड्यात शिरता.

तर असा दोन अवसांमध्ये अडकलेला हा प्रकार. मला राग एवढाच की चूक कुणाचीच नव्हती, आणि त्यामुळे ओरडायचं कुणावर तेही कळत नव्हतं.

मग सुरू झाली धावपळ. प्रवीणच्या कारखान्यात कामगारांचा विमा आहे. तिथल्या बाबूने सांगितलं, बायको चालेल, मुलं चालतील, आईबाप चालतील. आत्या चालणार नाही. भावोजी सरकारी ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्याही औषधपाण्याची सोय आहे. तिथेही तीच यादी, आत्याचा रकाना नाही. धारगळला हमरस्त्यावर पॉलिसी विकणारा संतोष आहे, तो प्रवीणचा वर्गमित्र. त्याने चहा पाजला, रंगीत पानं उलगडली, निळा प्लॅन, सोनेरी प्लॅन, त्यात पहिली वर्षं सोडून नंतरची वर्षं, हा आजार धरून आणि तो आजार सोडून. माझ्या डोक्यावरून सगळं गेलं. शेवटी मी विचारलं, झडप होईल की नाही? तो ओशाळून म्हणाला, वहिनी, आधीचा आजार लगेच नाही बसत, आधी आतेला बरी करा, मग मी छान पॉलिसी काढून देतो. चहा बरा होता म्हणून मी उठून आले नाही.

गावात तर ज्याला त्याला या विषयातलं कळायला लागलं होतं. कुणी म्हणे कार्डात नंतर नाव घालता येतं, कुणी म्हणे एकदा अंगठा उठला की संपलं. कुणी म्हणे नदीपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, माणसाला हे कार्ड मिळतच नाही, आणि आतेचं सासर पलीकडचं. पन्नास-पंचावन्न वर्षं अलीकडे राहिलेली बाई पलीकडची कशी, हे विचारल्यावर तो म्हणाला, ते मला माहीत नाही. रात्री मी आणि प्रवीण अंथरुणावर बसून ऐकलेलं सगळं जुळवायचो. जुळायचं काहीच नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून आतेचा खोकला यायचा आणि प्रवीण दिवा मालवायचा.

पंच बाबाजीने भावोजींना बाजूला घेऊन एक उपाय सांगितला. आतेला आई म्हणून घाला की. भावोजींना तो पटला, कारण त्यांच्या मते त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांना न्हाऊमाखू कुणी घातलं, शाळेत कुणी सोडलं? दुसऱ्या दिवशी ते कोमलसमोर जाऊन बसले, मी सोबत. म्हणाले, माझ्या कार्डात आई घाल. कोमलने संगणकात बघितलं आणि हळूच म्हणाली की काका, आई वारल्याचं तुम्हीच मागे लिहून दिलं आहे.

कोमल तशी चांगली मुलगी. तिने आतेचं मतदार ओळखपत्र बघितलं, कोरगावचा पत्ता बघितला, आणि एवढ्या दिवसांत कुणीच न बोललेली सरळ गोष्ट बोलली. आतेचं वेगळं कार्ड होईल. एका माणसाचंही कुटुंब धरतात. फक्त घर भावोजींच्या नावावर, त्यामुळे ती या घरात वेगळं कुटुंब म्हणून राहते असं त्यांनी सही करून द्यावं.

मला तर हायसं वाटलं. मी पेन पुढे केलं. भावोजींनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी करून खिशात घातला आणि उठले. सोप्यावर आल्यावर म्हणाले, "वेगळा कुटुंब? आतेक वेगळी काढली म्हणतले लोक. मी मरान, पण ही सही करूचंय नाय."

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी अंगाचा तिळपापड होतो. मी त्यांना समजावलं, प्रवीणने समजावलं, लक्ष्मीवयनीने तर दोन वेळा त्यांच्या ताटात भात आपटून वाढला. भावोजींचं एकच. आजोबांच्या वेळेपासून या घरात कुणाला वेगळं काढलेलं नाही. चुली झाल्या त्या सोयीसाठी. विधवा बाईला एकटी म्हणून कागदावर लिहून द्यायचं, आणि ते आपल्या हाताने? मी शेवटी मर्यादा सोडून बोलले, की तुमच्या सहीपेक्षा तिचा श्वास मोठा आहे. थोरल्या दिराला असं बोलत नाहीत हे मला कळतं. पण बोलले, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. ते उठून काजूच्या बागेत गेले आणि दिवेलागणीपर्यंत आले नाहीत.

त्यांचंही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्यांची माया मला दिसत होती. पण ती माया आतेच्या छातीवर बसली होती, हेही दिसत होतं.

पुढची अवस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आते आमच्याकडे यायला निघाली, आणि सोप्याच्या मध्यावर बसली. उशी मांडीत, वाडगा बाजूला. दहा पावलांचा सोपा तिला एका दमात जमेना. मी धावले, वयनी पाणी घेऊन आली. भावोजी खांबाला धरून उभे होते. श्वास जरा बसल्यावर आतेने त्यांना जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, ती त्यांची समजूत काढेल. तिने आयुष्यभर सगळ्यांची तीच तर काढली.

"शांताराम," ती म्हणाली, "मी तुमची आसय, ह्यां खंय लिवक नको. ता सगळ्या गावाक म्हायत आसा. पण मी आसय, इतक्यां तरी खंयतरी लिवा."

मला लाज वाटली. ती आहे एवढंच कुठेतरी लिहायचं होतं, आणि इतके दिवस आम्ही सगळे आते कुणाची यावरच भांडत होतो. भावोजींनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला. इतके दिवस तो त्यांच्याजवळच होता. सोप्यावरच टेकून त्यांनी सही केली आणि कागद माझ्या हातात न देता आतेच्या हातात दिला.

कार्ड झालं. फोटोत आते घाबरलेली दिसते. कुटुंबप्रमुख, विमला. सदस्य, एक. कुटुंबप्रमुख म्हणजे काय ते तिने कोमलला दोनदा विचारून घेतलं आणि हसली. ऑपरेशन पावसात झालं. तिला घरी आणली तेव्हा शेतं हिरवीगार होती आणि ती आपल्या पायांनी गाडीतून उतरली. भावोजी मात्र गावात अजून कार्डाचा विषय निघाला की दुसरीकडे बघायचे.

चवथ आली. आदल्या दिवशी आमच्याकडे माटोळी बांधतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, तिला फळं, भाज्या, रानातल्या वेली. प्रत्येक घराने आपली एक तरी वस्तू आणायची. भावोजी शिडीवर चढतात, एकेक वस्तू हातात घेऊन मोठ्याने सांगतात आणि बांधतात. त्या दिवशीही सुपारीचा घोस वर गेला, थोरल्यांचा. तवसं गेलं, धाकट्यांचं. धारगळवाल्यांचा नीरफणस गेला. आते दरवर्षी यातलं सगळं निवडून, धुऊन, दोऱ्या वळून देते. तिच्या नावाने कधी काही बांधलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते खटकलंही नव्हतं. ती सगळ्यांचीच ना.

शेवटी ती स्वतः आली. हातात चिबूड, दोरी बांधलेला. गोठ्यामागच्या कुंपणापाशी तिनेच आजारपणात बी टोचलं होतं. तिने तो वर धरला. भावोजींनी घेतला आणि सवयीने विचारलं, "हो कोणाचो?"

त्या महिन्यात पाळी आमच्याकडे होती, म्हणून मी तोंड उघडलंच होतं. पण आतेने माझ्या दंडावर हात ठेवला.

"माझ्या घरचो," ती म्हणाली.

भावोजी शिडीवर तसेच उभे राहिले, चिबूड हातात घेऊन. मग त्यांनी मुंबईच्या चुलत्यांपासून दाराबाहेरच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा विमला आतेच्या घरचा.

"खंय बांधू, आते?"

तिने वर बघितलं. चौकट बहुतेक भरली होती, मध्ये एक जागा रिकामी होती.

"मधी बांध," ती म्हणाली.