शंभर ग्रॅम

उमाजी जाधवांना साखर निघाली, त्या दिवसापासून हेमलताबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. असणार तरी कशी? थोरल्या अण्णांचा, म्हणजे त्यांच्या दिरांचा, पाय याच साखरेनं गेला आणि वर्षभरात अण्णाही गेले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता नवऱ्याला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच बाईंनी धरलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला सोळाशे कॅलरी. अन्नातली ताकद मोजायची ती कॅलरी, जास्त झाली की बाधते, हे बाईंना लगेच पटलं. डॉक्टरांनी छापील तक्ताही दिला. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास, नाचणीच्या पिठात थोड्या कमी. झालं. बाईंनी बाजारातून काटा आणला, तक्ता फडताळाला चिकटवला आणि नवऱ्याच्या ताटामागे हात धुऊन लागल्या.

घरातल्या तिघांचा भात एकाच पातेल्यात शिजे. त्यातला उमाजींचा वाटा काट्यावर चढे. पोटात जाईल ते मोजायचं, पातेल्याशी आपल्याला काय करायचंय, हा बाईंचा न्याय. शंभर ग्रॅम भात झाला की डाव थांबलाच. रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळाही तसाच, कडेनं चिमटून चिमटून शंभरावर आणलेला.

तीन महिन्यांत उमाजी अकरा किलो उतरले. साखर उतरली तशी बाईंना झोप लागू लागली. पण गेल्या आठवड्यात बुटाची नाडी बांधताना उमाजींचे हात थरथरले ते बाईंनी पाहिलं. अण्णांचे हातही शेवटी असेच थरथरायचे.

“कारखान्यातल्या त्या दत्ताबरोबर बाहेर काही खाता का हो? एका कॉफीचे दोन पेले करून पिता ना?”

“नाही गं,” उमाजी म्हणाले.

बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी भात आणखी दोन चमचे कमी केला.

तो शनिवार होता. बाईंचा उपास, लेक हर्षिता कॉलेजच्या सहलीला म्हैसूरला गेलेली. पाय पोळलेल्या मांजरीसारख्या बाई सकाळपासून घरभर फिरत होत्या. खिडकीशी जा, कॅलेंडर बघ, पुन्हा काट्याशी ये. शेवटी विचार केला, एकट्यासाठीच रांधायचं तर कच्चे तांदूळच शंभर ग्रॅम तोलून घ्यावेत, नंतर चिमटत बसायला नको.

भात झाला. सवयीनं त्यांनी तो काट्यावर ठेवला आणि काटा तीनशेच्या जवळ जाऊन थांबला.

मेला काटा बिघडला, बाई म्हणाल्या. त्यांनी साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा ठेवला. काट्यानं बरोबर पाचशे दाखवले. भात पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

मग त्यांचं लक्ष पातेल्याशेजारच्या रिकाम्या भांड्याकडे गेलं. दोन भांडी पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं ओतलं होतं. तांदूळ तेवढेच होते, वजन पाण्याचं वाढलं होतं. पाण्यात कसली आलीय कॅलरी? तक्ता कोरड्या धान्याचा होता आणि त्या तीन महिने नवऱ्याला पाणी तोलून वाढत होत्या. आपला आठवड्याचा एक उपास, त्याचं केवढं कौतुक. आणि हा माणूस रोज उपाशी राहून होसकोट्याच्या कारखान्यात आठ तास उभा राहत होता.

सहाला कंपनीची बस आली. जे. पी. नगरच्या वळणावर उतरून घरापर्यंत येताना उमाजी दोनदा थांबले, ते बाईंनी खिडकीतून पाहिलं. ते हातपाय धुऊन बसले. बाईंनी सगळा भात ताटात वाढला, वर आमटी ओतली.

उमाजी ताटाकडे बघत राहिले. मग हातानं त्यांनी अर्ध्याहून जास्त भात बाजूला सारला.

“हेमा, चुकून जास्त पडलाय. काढून घे.”

“असू दे. चूक आधी होत होती,” बाई म्हणाल्या. “भूक लागत होती का तुम्हाला?”

“लागायची की.”

“मग एका शब्दानं बोलायचं नाही?”

“तू झोपायला लागली होतीस ना,” उमाजी म्हणाले. “अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.”

बाईंनी बाजूला सारलेला भात बोटांनी परत मधे ओढला. उमाजी खाली मान घालून जेवू लागले, भराभर. ताट लख्ख झालं. मग बायकोकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं,

“स्वल्प आणखी आहे का गं?”