बेटावरच्या घट्टीला मूठभर ज्वारी

नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यात एक बेट होतं. बेटावर इंद्रसिंग नावाडी राहत होता, त्याची बायको तुळशीबाई राहत होती, लेक रविना राहत होती. आणि त्यांच्याच पडवीतून उचलून संग्रहालयात नेऊन बसवलेली एक दगडी घट्टी होती. तीच मी बोलतेय. शाळेतली पोरं मला जातं म्हणतात, तापीकाठची माणसं घरोट. काहीही म्हणा, तोंडात दाणा तेवढा घाला.

माझी खाण कुठली ते मला आठवत नाही. आठवतो तो सारंगखेड्याचा यात्राबाजार. इंद्रसिंगचा बाप फुलसिंग तिथे घोडा घ्यायला गेला होता. त्याला घोडा पसंत पडला नाही की घोड्याला तो, कोण जाणे! मलाच गाडीत घालून घरी आला. सगळा पाडा हसला.

"काय रे फुलसिंग, हिला दाणा घालशील की चारा?"

त्याची बायको कौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाणाच घालू. घोडं दाणा खाऊन लीद टाकतं, ही पीठ टाकते."

तशी मी त्या घरची झाले. तुळशीबाई सून होऊन आली त्या दिवशी कौसाबाईनं तिला पहिली गोष्ट सांगितली, की घट्टी कधी रिकामी फिरवायची नाही. रिकामी फिरली की घरातले दाणे उठून जातात. तुळशीबाईनं ते असं मनात धरलं, की मला नुसतं पुसायचं असलं तरी आधी चार दाणे टाकायची.

पुढे धरणाचं पाणी चढलं. खालची शेतं बुडाली, पाडा पांगला, आमची टेकडी तेवढी वर राहिली. मग दिवाळी झाली की इंद्रसिंग बायको-लेकीला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जायचा. रविनाची शाळा दर वर्षी अर्ध्यावर तुटायची.

अशात एका संस्थेनं बेटावर संग्रहालय बांधलं. सुट्टीत लोकांनी लेकरंबाळं घेऊन बोटीतून यावं, डोंगरातलं जगणं बघावं. धनुष्यबाण आले, ढोल आला, होळीचा मोरपिसांचा टोप आला, मी आले. किती देखणं घर ते! इंद्रसिंगला बोटीचं काम मिळालं, तुळशीबाईला झाडलोटीचं. त्या वर्षी तिघं पहिल्यांदा उसाला गेली नाहीत.

पण प्रत्येक वस्तूपुढे पाटी होती, 'हात लावू नका'. पोरं आत यायची आणि जांभया देत बाहेर पडायची. हळूहळू बोट रिकामी येऊ लागली. देखरेखीचे हेमकांत सर एकदा म्हणाले, "तुळशीबाई, होळीपर्यंत असंच चाललं तर इथे कुलूप लागेल. वस्तू शहरात जातील."

"आणि आम्ही, सर?"

सर चष्मा पुसून बोटीकडे निघाले.

होळीला पंधरा दिवस उरले असताना रनाळ्याच्या वत्सलाबाई दोन नातवंडं घेऊन आल्या. काजल आणि अजित. अजितनं पाटी वाचली, इकडेतिकडे बघितलं आणि माझा खुंटा धरून गरकन फिरवला. रिकामी! दगडावर दगड घासला, माझ्या अंगावर काटा आला.

तुळशीबाई शेजारच्या घरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "थांब रे बाबा! रिकामी नाही फिरवायची तिला!"

पोरगं घाबरलं. तुळशीबाईनं त्याला रागावलं नाही. घरातून ज्वारी आणली आणि मूठभर माझ्या तोंडात टाकली. "आता फिरव."

वत्सलाबाई बघतच राहिल्या. पदर खोचून समोर बसल्या. "सरक वं बहीण, माले बी बसू दे. तीस वरीस व्हयनात, घरोटले हात लायेल नहीं मी."

दोघींनी खुंटा धरला. एकीची बोली डोंगरातली, एकीची तापीकाठची, पण हातांची लय एकच. कडेनं पांढरं पीठ गळू लागलं. काजल ओरडली, "आजी, पीठ निंघी ऱ्हायनं!"

तेवढ्यात हेमकांत सर दारात. पाटी आडवी पडलेली, जमिनीवर पीठ. "हे कोणी केलं?"

"मी," तुळशीबाई उभी राहिली. "मला काढून टाका, सर. पण घट्टी मी रिकामी फिरू देणार नाही."

सरांनी पोरांकडे पाहिलं. नाकाला पीठ, आणि बोट निघायची वेळ झाली तरी एकही उठेना. सरांनी खाली वाकून पाटी उचलली, काखेत मारली आणि मांडी घालून बसले. "माझी पाळी कधी?"

त्या दिवशी त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. वत्सलाबाईंनी ते सगळ्या रनाळ्यात सांगितलं, आणि होळीपर्यंत बोटीच्या खेपा पुरेनात. आता ढोल वाजतो, टोपली विणायला मिळते. धनुष्याला मात्र अजून हात लावू देत नाहीत, आणि तेच बरं.

तुम्हीही लेकरं घेऊन या. फक्त येताना मूठभर दाणे आणा.

परवा, दिवाळी सरल्यावर, ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी पलीकडच्या काठावर आली आणि हॉर्न वाजवत राहिली. इंद्रसिंगनं भरल्या बोटीतूनच हात हलवला. इकडे रविना दप्तर पाठीला लावून शाळेच्या होडीची वाट बघत होती, आणि तुळशीबाई माझ्या तोंडात नव्या ज्वारीची पहिली मूठ घालत होती.