जयराजच्या गाडीचं दार

लेकाची गाडी मोडीत घालायची, असं आकारामनं तेराव्यालाच ठरवून टाकलं होतं. पण सून ऐकेना.

"मामा, गाडी दुरुस्त करून आणा. मी चालवणार," दीपमाला म्हणाली. ती पलीकडच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्यामुळं आकारामला नाही म्हणवेना. पोलीस ठाण्याच्या आवारातनं गाडी सुटली, तशी टोचन लावून त्यानं ती रहिमतपूरला मोहिद्दीनच्या गॅरेजात नेऊन उभी केली.

जयराज शिरवळच्या कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी करून पहाटेच्या धुक्यात घरी येत होता. आडरस्त्याच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरनं समोरून गाडी दाबली. ट्रॅक्टरवाला पळून गेला. गाडीची डावी बाजू कठड्याला चिकटली आणि उजवीकडं ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागऱ्या मुरगळून दार जागच्या जागी घट्ट बसलं. शेतावर निघालेल्या माणसांनी पहार घालून ते उचकटलं, तोवर सगळं संपलं होतं. 'जागीच गेला,' असं ठाण्यातल्या माणसानं सांगितलं आणि आकारामनं ते घरी येऊन सांगितलं.

मोहिद्दीननं कामाला वेळ लावला. डावी बाजू ठोकून काढली, दार लटकतं तो पुढचा खांब सरळ केला, नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि मग निरोप धाडला, "आण्णा, दार बसवायला दुसरं माणूस पायजे. माझा गडी लग्नाला गेलाय. जमलं तर या."

आकाराम एसटीनं गेला. फौजेत हवालदार होता, अंगात अजून बळ होतं. दार खालनं दोन्ही हातांनी पेलायचं आणि मोहिद्दीन म्हणेल तेवढंच वर उचलायचं, एवढं त्याचं काम.

"जरा वर. आणिक. बास, बास! धरून ठेवा." मोहिद्दीन बोल्ट आवळायचा, दार लावून बघायचा, पुन्हा सैल करायचा. दार खाली पत्र्याला घासत होतं. घासायचं थांबलं, तर वरनं फट राहायची. मागच्या खांबावर कुलूप जिथं अडकतं, ती खुंटीही त्यानं दोनदा सरकवली.

"आता आत बसा आण्णा. दार लावतो. उजेड कुठनं दिसतोय का सांगा."

आकाराम लेकाच्या जागेवर बसला. दार लागलं. रबराला चिकटून सगळीकडनं काळोखी रेघ, उजेड कुठंच नव्हता. दाराच्या आतला पत्रा मात्र उघडा होता, तारा लोंबत होत्या.

"झकास बसलंय," तो उतरत म्हणाला. "आतलं कव्हर तेवढं लाव की."

"नवीन मागवलंय सांगलीहून. परवा येतंय."

"आणि जुनं?"

"जुनं गेलं कामातनं." मोहिद्दीन हात पुसायला लागला. पण पुसता पुसता त्याची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडं गेली आणि आकारामनं ती बघितली.

"ऱ्हाऊ द्या आण्णा," मोहिद्दीन म्हणाला. तोवर आकारामनं पोतं ओढलं होतं.

काळ्या प्लॅस्टिकचं कव्हर मधोमध तडकलं होतं. खालच्या अंगाला बुटाचे ठसे होते, एकावर एक, ओळखू येणार नाहीत इतके. दार आतनं उघडायची मूठ बुडापासून तुटली होती आणि तुटल्या जागी सुकलेलं रक्त होतं.

"ही धडकंत मोडली व्हय?" आकारामनं विचारलं.

मोहिद्दीननं हातातलं फडकं बाजूला टाकलं. मग तो म्हणाला, "न्हाई आण्णा. वढून मोडलीय."

आकाराम टायरवर बसला. सीमेवर असताना एका जोडीदाराचा मृतदेह घेऊन तो त्याच्या गावी गेला होता. त्याच्या आईलाही त्यानं सांगितलं होतं, जागीच गेला, काही कळलं नाही. त्या पोराला रात्रभर कळत होतं, ते आकारामला चांगलं ठाऊक होतं. म्हातारीनं त्याचे हात हातात घेतले होते. आज त्याला वाटलं, तिला तेव्हा समजलं असणार.

"हे जाळून टाक," तो म्हणाला.

गाडी घरी आली, त्या दिवशी दीपमालानं अंगणातच दार उघडून बघितलं. लावलं. परत उघडलं. नव्या मुठीवर तिचा हात तसाच राहिला.

"मूठ बदलली, मामा?"

"जुनी झिजली होती."

ती आत बसली आणि पलीकडच्या दाराकडं बोट दाखवलं. आकाराम जाऊन शेजारी बसला. घरात मनुबाई, त्याची बायको, नातीला जेवायला घालत होती. तिचा आवाज इथवर येत होता.

"त्यांचा फोन आला होता मला," दीपमाला समोर बघत म्हणाली. "एक पाय अडकलाय म्हणाले. दार उघडंना, कुणाला तरी पाठव. मी दुसऱ्या फोनवरनं सगळ्यांना फोन केले. ह्यो तसाच चालू ठेवला. ते दारावर लाथा मारत होते, ऐकू येत होतं मला. मग बारीक झालं. मग न्हाई."

आकारामनं तिच्याकडं वळून बघितलं.

"तुमाला सांगणार होते. पण तुमी घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, जागीच गेला. लेकाला काही कळलं न्हाई, एवढं ऐकून आत्याबाई पहिल्यांदा रडायच्या थांबल्या. मग मी कसं सांगू?"

"मला गॅरेजात कळलं," तो कसंबसं म्हणाला.

त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. हात उचलला, तर तिनं अंग चोरलं. रागानं नव्हे, पण चोरलं. मग त्यानं हात मांडीवर घेतला.

त्यानंतर घरात दोघांना एकमेकांसमोर येणं जड जायला लागलं. तो पडवीत आला की ती आत जायची. ती चहा ठेवून गेली की तो निवेपर्यंत पेल्याकडं बघत बसायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला तिची जतला बदली झाली. तिनंच मागून घेतली होती.

"इतक्या लांब, पाण्याचे टँकर येत्यात तिथं, पोरीला घिऊन कशी ऱ्हाशील गं?" मनुबाई रडत होती. "आवं, तुमी तरी सांगा की तिला!"

"जाऊ दे तिला," आकाराम म्हणाला.

मनुबाई त्याच्यावर चिडली. महिनाभर नीट बोलली नाही. नात दुरावली, ती ह्याच्या आडमुठेपणानं, असं तिनं शेजारीपाजारी सांगितलं. आकारामनं ते ऐकून घेतलं.

दीपमाला निघाली, त्या दिवशी त्यानंच सामान मागं रचून दिलं. नातीला बसवलं. दीपमाला वाकून पाया पडली, गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं. ते पहिल्या ओढीला बसलं. गाडी वळणापलीकडं गेली, तरी तो रस्त्यातच उभा होता. मागनं हॉर्न वाजला, तेव्हा कुठं तो बाजूला झाला.