वाळूवरची नवी होडी

वादळात होडी फुटली तेव्हा तिच्यावर दोघे भाऊ होते. धाकटा पोहत किनाऱ्याला लागला, थोरला परत आलाच नाही. थोरल्याच्या बायकोने मग कंबर कसली आणि ती दुसऱ्यांनी धरलेली मासळी टोपलीत घेऊन दारोदार विकू लागली. संध्याकाळी पाय असे भरून यायचे, की उंबरा ओलांडणंही जिवावर येई.

मदत करणाऱ्या संस्थेने दोन्ही घरांना मिळून फायबरची नवी होडी दिली. दिराने ती वाळूवर ओढून ठेवली आणि तो रोज नवं कारण काढू लागला. कधी इंजिनाचा आवाज बरा नाही, कधी वारा ठीक नाही. सगळी वस्ती हसायला लागली, "होडी आणली की शोभेचा पलंग?"

शेवटी संस्थेची बाई थोरल्याच्या बायकोकडे आली. तिचाही चेहरा उतरलेला होता. "ताई, होडी अशीच पडून राहिली तर दुसऱ्या घराला द्यावी लागेल. लोक रोज माझ्या दारात उभे असतात. मी तरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरल्याची बायको दिराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चला भाऊजी, मी येते बरोबर."

"तुम्ही? वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बोलून बोलून त्यांची तोंडं दुखतील."

जाऊबाईने नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

लाटा ओलांडताना वहिनीने होडीची कड घट्ट धरली. दिराने जाळं सोडलं खरं, पण ओढायची वेळ आली तेव्हा त्याने हात मागे घेतले. तो मटकन खाली बसला.

"दादाचा हात माझ्या हातात होता, वहिनी. सुटला."

हे तिने केव्हाच ओळखलं होतं. तो कुणाकडेच मान वर करून बघत नसे, त्यावरूनच. त्याच्यावर रागवावं असं तिला कितीदा तरी वाटलं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

"तुम्ही मुद्दाम सोडला नाहीत," ती म्हणाली. "उठा, जाळं जड झालंय. माझ्या एकटीच्याने निघायचं नाही."

दोघांनी मिळून जाळं ओढलं. मासळी बेताचीच होती. किनाऱ्यावर येताच तिने ती टोपलीत भरली, विकून आली आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली.

एकदा गेलं की त्याची भीती मोडेल, मग आपण सुटलो, असा तिचा हिशेब होता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली.

"वहिनी, येताय ना? तुम्ही असलात तर जातो मी."

तिचं अंग अंग ठणकत होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर बाहेर तो इंजिनाचं तेल घेऊन तयार उभा दिसला.

"आले," ती म्हणाली. "केस तेवढे बांधते."